लातूरच्या खोलीतलं जुनं सामान: दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत वापरून झाल्यावर

मुलीच्या अकरावी-बारावीसाठी अहमदपूरहून लातूरला खोली करून राहायचं ठरलं, तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं की गादी आणि गॅसची नळी सोडली तर नवीन काही घ्यायचं नाही. पलंग, टेबल, कूलर, फ्रिज, कपाट, पाण्याचे ड्रम, पुस्तकं, सगळं कुणीतरी वापरलेलं. आता दुसरा उन्हाळा लागलाय, मे महिन्यात नीट, म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा, आहे आणि त्यानंतर हेच सामान मला पुढच्या कुणाला तरी द्यायचंय. येत्या जूनमध्ये ज्यांची लेकरं इथं येणार आहेत त्यांच्या कामी यावं म्हणून सविस्तर लिहितेय.

लातूरमध्ये जुन्या सामानाला हंगाम असतो. नांदेड, परभणी, बीड, हिंगोली, धाराशिव, कुठून कुठून मुलं तयारीला येतात आणि दोन वर्षांनी गाशा गुंडाळतात. नीट झाली की औसा रोड, खाडगाव रोडकडच्या गल्ल्यांमध्ये टेम्पो लागायला सुरुवात होते. घरमालकाला खोली रिकामी हवी असते, गावाकडे तेवढी जागा नसते आणि भाडं भरून टेबल न्यायला परवडत नाही. तेव्हा जो पलंग हजाराला मिळतो, तोच जूनमध्ये दोन हजाराला जातो, कारण नवी मुलं आलेली असतात. ओळखीच्या कुणाच्या घरी महिनाभर सामान ठेवायची सोय असेल तर मे महिन्यातच घेऊन ठेवा. कूलर मात्र दिवाळीनंतर. थंडीत कूलर अडगळ वाटतो, म्हणून लोक सांगाल त्या भावात देतात.

विकणारा प्रत्येक जण पहिलं वाक्य हेच बोलतो, "ताई, नवीन घेतला तेव्हा सात हजाराला पडला होता." त्याचे पैसे त्याने वापरून वसूल केलेले असतात. मी दुसरा हिशेब धरला: ही वस्तू अजून किती वर्षं काम देईल आणि बिघडली तर लातूरमध्येच, चार पावलांवर, दुरुस्त होईल का. ज्याचा सुटा भाग मिळत नाही, ते कितीही चकचकीत असलं तरी मी स्वस्तातसुद्धा घेतलं नाही. या एका कसोटीनं माझे पैसे वाचले आणि मनस्तापही.

त्या कसोटीला सगळ्यात चांगला उतरला तो पत्र्याचा कूलर. 1,800 रुपयांना घेतला. वरून रंग उडालेला होता, ते मी बघितलंच नाही. आडवा करून पाण्याच्या टाकीचा तळ बघितला. बोअरचं क्षाराचं पाणी तळाला साचून पत्रा खातं, म्हणून खिळ्यानं कोपरे टोचून बघावेत. खिळा रुतला तर तो कूलर दोन महिन्यांचा सोबती समजावा. माझ्या कूलरला आतून डांबराचा हात दिलेला होता, म्हणजे आधीच्या माणसानं निगा राखलेली होती. मोटार आवाज करत होती, ती तांब्याच्या तारेत भरून घेतली, 600 रुपये लागले. छोटा पंप नवा टाकला आणि तिन्ही बाजूंचं गवत बदललं. सगळं मिळून तीन हजाराच्या आत बसलं. एप्रिलमध्ये पारा 42 ला टेकला तरी मुलगी दुपारी चार-चार तास अभ्यास करते. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असल्यामुळं कूलर इतका चालतो. पाऊस पडून हवेत दमटपणा आला की तोच कूलर नुसता ओला वारा फेकतो, तो त्याचा दोष नाही.

जुना कूलर घेणाऱ्यांनी कृपा करून एक काम टेम्पोत चढवून दोर बांधायच्या आधी करावं. इलेक्ट्रिशियन बोलावून पत्र्यात करंट उतरतो का ते तपासून घ्यावं. ओला पत्रा, जुनी वायर आणि दोन पिनांचा प्लग, यात मराठवाड्यात दर उन्हाळ्यात माणसं जातात, लहान लेकरं जातात. तीन पिनांचा प्लग हवा आणि भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग खरंच जोडलेलं हवं. नुसतं तिसरं भोक दिसतंय म्हणून भागत नाही. आमच्या घरमालक काकांनी सांगितल्यावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून दिला. अंगातून करंट जायला लागला तर तो लगेच लाईट तोडतो. पाणी भरताना बटण बंद, प्लग बाहेर. याबाबतीत मी मुलीलाही सवलत देत नाही.

फ्रिज एकाच दाराचा, साधा. तो घेताना बर्फाच्या कप्प्याच्या भिंतींवर बोट फिरवून बघितलं. बर्फ निघत नाही म्हणून लोक चाकूनं खरवडतात, नळीला भोक पडतं आणि गॅस निघून जातो. मग वरून एम-सीलचा ठिपका देऊन फ्रिज विकायला काढतात. असा करड्या रंगाचा ठिपका मी दोन ठिकाणी बघितला आणि तिथूनच परत फिरले. दाराचं रबर तपासायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि ओढायची. सहज निघून आली तर रबर गेलंय. तेवढं बदलता येतं, पण ते पैसे आधी किमतीतून कापून घ्या. लेबलवरचे स्टार मोजू नका. स्टार द्यायचे निकष मधूनमधून कडक होतात, त्यामुळं जुन्या लेबलचे पाच स्टार आजच्या पाचाच्या बरोबरीचे नसतात. त्याच लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा छापलेला असतो, तो वाचा. 100 युनिट जास्त म्हणजे 8 रुपये दरानं वर्षाला 800 रुपये. दोन वर्षांत स्वस्तातला फ्रिज महाग होऊन बसतो. आणताना टेम्पोत उभाच आणायचा. आडवा करावा लागलाच तर घरी आल्यावर काही तास उभा ठेवून मग चालू करायचा, म्हणजे कॉम्प्रेसरचं तेल जागेवर येतं.

टेबलाबद्दल थोडक्यात. दिसायला सुंदर असतात ती भुशाच्या बोर्डाची टेबलं घेऊ नका. त्यातला स्क्रू एकदा काढला की परत तसा धरत नाही, आणि फरशी पुसताना पाणी लागून खालच्या कडा फुगतात. आम्ही लोखंडी पायांचं, वर प्लायवूड असलेलं जड टेबल घेतलं. आमच्या आधी दोन मुलांनी ते वापरलंय आणि अजून चौघं तरी वापरतील.

पलंग पाईपचा घेतला. त्यात फार बघण्यासारखं नसतं. पायाजवळचं वेल्डिंग तडकलेलं नाही ना, आणि सांध्यात ढेकूण नाहीत ना. काळे ठिपके दिसले तर मागे फिरायचं. दिसले नाहीत तरी मी घरात घेण्याआधी गच्चीवर सांध्यांमध्ये उकळतं पाणी ओतलं आणि दोन दिवस उन्हात टाकला. गादी मात्र जुनी घ्यायची नाही हे माझं ठाम मत. फोमची गादी आतून कशी आहे हे कळायला मार्ग नसतो. नवी कापसाचीच भरून घेतली, कारण ती दोन-तीन वर्षांनी पिंजून, खोळ बदलून पुन्हा नव्यासारखी होते.

पाण्याच्या ड्रमसाठी काळजी लागते. लातूरकरांना पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या खेपेला 5 लाख लिटर. त्या उन्हाळ्यापासून इथल्या घरांत साठवणीची भांडी कमी झाली नाहीत आणि जुन्या ड्रमला कायम गिऱ्हाईक असतं. बाजारात मिळणारे निळे ड्रम बऱ्याचदा कारखान्यातून आलेले असतात. आत कुठलं रसायन होतं ते लेबल खरडून टाकलेलं असेल तर पिण्याच्या पाण्याला तो ड्रम लावूच नका, कितीही घासला तरी. मी शेजारच्या मावशींकडून त्यांच्याच घरात वापरलेले दोन घेतले, जास्त पैसे देऊन.

सगळ्यात जास्त मोल मिळालं ते पुस्तकांतून. एनसीईआरटीची जीवशास्त्राची दोन्ही पुस्तकं वरच्या मजल्यावरच्या एका मुलीनं दिली. तिनं पेन्सिलीनं ओळी अधोरेखित केल्यात, समासात कुठल्या परीक्षेत काय विचारलं ते लिहिलंय, आणि जिथं स्वतःचं उत्तर चुकलं तिथं बारीक फुली मारून कारण दिलंय. वनस्पतींच्या ऊतींच्या धड्यात एका आकृतीशेजारी लिहिलंय, "इथे घाई करू नकोस." कुणासाठी लिहिलं कोण जाणे, पण माझी मुलगी त्या पानावर आली की खरोखर थांबते. नवीन प्रत घेतली असती तर हे मिळालं नसतं. फक्त बघून घ्या, 2024 च्या नीटपासून अभ्यासक्रमातून काही भाग वगळलाय आणि एनसीईआरटीनंही पुस्तकं छाटली आहेत. जुन्या प्रतीत जास्तीचे धडे निघतात, ते चालू अभ्यासक्रमाशी ताडून खुणा करून ठेवा. अभ्यासक्रम बदलला की जुन्या टेस्ट सिरीजच्या गठ्ठ्याला रद्दीचाच भाव द्यावा.

मोबाईलवरून जुनं विकणाऱ्या-घेणाऱ्यांना एक इशारा. अहमदपूरच्या घरातलं कपाट विकायला टाकलं तेव्हा एका गृहस्थांचा लगेच फोन, भाव न करता होकार, "सैन्यात आहे, बदली झालीय, आधी पैसे पाठवतो, क्यूआर कोड स्कॅन करा." पैसे घेण्यासाठी स्कॅन करावं लागत नाही आणि पिन तर कधीच टाकावा लागत नाही. मी फोन ठेवला. जुना मोबाईल घेत असाल तर *#06# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर, काढा, KYM ही इंग्रजी अक्षरं आणि तो नंबर 14422 वर एसएमएस करा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथं कळतं.

मग ते कपाट मी विकलंच नाही. आमच्याकडे धुणं-भांडी करणाऱ्या मावशींना विचारलं. त्यांनी दार उघडून बघितलं, आत हात घातला आणि म्हणाल्या, "ताई, कुलूप लागंना की. आमच्या घरात सहा माणसं. कुलूप नसलेलं कपाट नेऊन काय करू?" अगदी बरोबर होतं त्यांचं. चावीवाल्याला बोलावून कुलूप दुरुस्त केलं, दोन चाव्या करून दिल्या, आणि त्यांच्या वस्तीपर्यंतचं टेम्पोचं भाडंही आम्हीच भरलं. ज्याला वस्तू दिली त्याच्याच खिशातून चारशे रुपये भाडं काढायचं, याला देणं म्हणत नाहीत. दिलेली वस्तू त्याच्या घरात पोचून त्याच दिवशी कामाला लागली पाहिजे.

गावोगावी माणुसकीच्या भिंती आहेत, "नको असेल ते द्या, हवं असेल ते घेऊन जा." कल्पना फार चांगली. पण तिथं गेलं की उसवलेले ब्लाऊज, चेन तुटलेल्या पँटी, एका पायाची चप्पल आणि पावसात भिजलेला ढीग दिसतो आणि जीव तुटतो. कपडे धुवा, बटण लावा, शर्ट-पँटची जोडी बांधा, चिठ्ठीवर माप लिहा. आणि वेळ साधा. आमच्या भागातल्या तांड्यांवरून, बीडकडच्या गावांमधून ऊसतोडीला कुटुंबं निघतात ती दसरा-दिवाळीच्या सुमाराला. चार-पाच महिने उघड्या रानात, पाचटाच्या कोपीत, थंडीत काढायचे असतात. स्वेटर, घोंगडी, ताडपत्री, झाकणाचा डबा, पाण्याचा कॅन, हे सगळं निघायच्या आधी हातात पडलं तर सोन्यासारखं. तेच स्वेटर मार्चमध्ये दिलं तर त्यांच्यासाठी ते नुसतं ओझं.

सासूबाईंच्या जुन्या साड्यांचे मी दोन भाग केले. सुती लुगडी वाकळीला दिली, दोन जाड वाकळी शिवून आल्या आणि त्यातली एक इथं मुलीच्या अंगावर असते. जरीच्या साड्या बोहारणीला द्यायच्या नाहीत असं घरात सांगून ठेवलंय. जुन्या साडीत खऱ्या जरीचं काम असेल तर त्यात चांदी असते, आणि त्या बदल्यात एक स्टीलचं पातेलं हा सौदा नाही. आधी सोनाराला दाखवा. पितळेच्या पातेल्यांचंही तसंच. दुकानदार मोड म्हणून फक्त वजनाचा भाव देतो, घडणीचा एक रुपया नाही. मी त्यांना कल्हई करून घेतली आणि वापरात आणली. कल्हईचं कथील 232 अंशाला वितळतं, म्हणून रिकामं पातेलं गॅसवर तापत ठेवायचं नाही एवढं सांभाळलं की झालं. कल्हई गेलेल्या पितळेत मात्र ताक, चिंचेचं वरण ठेवू नये.

आता माझ्याकडच्या सामानाचे भाव. कूलर 1,500, कारण मोटार आणि पंप दोन्ही चांगले आहेत पण पुढच्या वर्षी गवत आणि डांबर लागेल. फ्रिज मी घेतला त्यापेक्षा हजारानं कमी, दाराचं रबर बदलल्याची पावती सोबत. टेबल, पलंग मिळून दीड हजार. पुस्तकं कुणाला विकायची नाहीत, ती मुलगी स्वतः निवडून कुणाला तरी देणार आहे. गॅस सिलिंडर कुणी मागू नये, तो कंपनीचा असतो आणि कनेक्शन एजन्सीतूनच बदली होतं. सामान बघायला नीटच्या दुसऱ्या दिवसापासून या, सकाळी दहाच्या आत, म्हणजे कूलर-फ्रिज चालू करून नीट तपासून घेता येतील. सोबत इलेक्ट्रिशियन आणला तर चहा मी करते.