फुगणारा बेडूक, सहा महिने वापरून: सगळं बरं, पंखा सोडून

अंगात घालायच्या बेडकाच्या पोशाखात हवा भरणारा पंखा गेला म्हणून हे लिहायला घेतलं. कापड विरलेलं नाही, डोळे शाबूत आहेत, चेन अडकत अडकत का होईना लागते. पण पंख्याने मान टाकली की हा पोशाख म्हणजे नुसती हिरवी रिकामी पिशवी. विक्रेत्याचं म्हणणं, वस्तू पार्टीसाठी आहे, रोज घराबाहेर वापरायची नाही. सुटा पंखा ते विकत नाहीत, अख्खा नवा बेडूक घ्या म्हणतात. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही.

कुठला बेडूक, हे अमेरिकेतल्या आमच्या पोर्टलंडमध्ये कुणाला सांगायला नको. २७ सप्टेंबर २०२५ ला ट्रम्प यांनी या शहराला युद्धाने उद्ध्वस्त झालेलं म्हटलं आणि सैनिक पाठवायचा आदेश काढला. पुढच्याच महिन्यात आयसीईच्या, म्हणजे स्थलांतरितांची धरपकड करणाऱ्या सरकारी खात्याच्या इमारतीबाहेर निदर्शनात नाचणाऱ्या एका बेडकाच्या पंख्याच्या भोकात अधिकाऱ्याने तिखट फवारा मारला. ते दृश्य सगळीकडे फिरलं आणि १८ ऑक्टोबरच्या ट्रम्पविरोधी 'नो किंग्ज' मोर्च्यांत गावोगावी बेडूक, डायनासोर, युनिकॉर्न निघाले. 'ऑपरेशन इन्फ्लेशन'वाले तर असे पोशाख फुकट वाटत होते. ज्यांना मिळाले त्यांनी हा लेख कपाळाला आठ्या न घालता वाचावा.

आता त्या भोकाबद्दल, कारण सगळी भानगड तिथेच आहे. हा पोशाख फुग्यासारखा एकदा भरून बंद होत नाही. शिलाईच्या प्रत्येक टाक्यातून, चेनमधून, घोट्याच्या इलॅस्टिकमधून हवा सतत गळत असते आणि पाठीमागचा पंखा ती सतत भरत असतो. म्हणजे बाहेर जी हवा असेल, तीच आत येणार. अश्रुधूर असेल तर तोही, आणि तो आत साठून राहतो, कारण तुमचं तोंडही त्याच पिशवीत असतं. त्यात भोक पाठीवर, खालच्या बाजूला. तुम्हाला दिसत नाही, मागच्या माणसाच्या हाताला मात्र बरोबर येतं.

यावर कार्बनची गाळणी चिकटवायचा सल्ला खूप जण देतात. करू नका. हे छोटे पंखे हवा भरपूर हलवतात, पण जोर लावून ढकलू शकत नाहीत. पुढे थोडा जरी अडथळा आला तरी बेडूक गुडघ्यात बसतो. साधं फडकं बांधलं तर हवाही अडते आणि धूरही येतो. खरा उपाय एकच: धूर दिसला की आधी पंखा बंद, मग चेन खाली, डोकं बाहेर आणि वाऱ्याच्या उलट दिशेला चालू लागायचं. बटण कंबरेच्या पट्ट्यावर आतून हाताला लागेल असं बांधून ठेवा आणि डोळे मिटून दहा वेळा सराव करा. चेन पाठीमागे असलेला नमुना असेल तर सोबत माणूस हवाच.

तिखट लागलेला पोशाख इतर कपड्यांत टाकू नका. पंखा काढून, हातमोजे घालून, गार पाण्यात भांड्याच्या साबणाने दोनदा धुवा. गरम पाणी नको, ड्रायर तर मुळीच नको. पॉलिएस्टर आहे, आकसतं.

आधी मी विजेच्या बाबतीतही या पोशाखाला नावं ठेवणार होतो. सोबत येणाऱ्या डबीत चार पेन्सिल सेल लागतात. चार्ज होणारे सेल वापरून पैसे वाचवायला गेलं, तर ते प्रत्येकी १.२ व्होल्टचे, म्हणजे चारांचे ४.८. साध्या नव्या सेलचे ६ होतात. त्यामुळे बेडकाची मान पहिल्यापासूनच कललेली. साधे सेल दर मोर्च्याला फेकायचे, हे खिशाला झेपत नाही. मग यूएसबीची वायर असलेला पंखा घेतला आणि मत बदललं. पंखा साधारण एक अँपिअर ओढतो असं धरलं, तर १०,००० एमएएचची पॉवर बँक सहा तासांच्या आसपास चालते. ती वायरीला लोंबकळत ठेवू नका, नाचताना पिन निसटते. कंबरेच्या पाऊचमध्ये ठेवा.

पंखा मेला कशाने? पाऊस. इथला पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त. भोकात पाणी शिरलं आणि ओला पोशाख घडी घालून पिशवीत कोंबला गेला. जाळीचे स्क्रू काढून पाहिलं तर वायर ठीक, सोल्डरचे टाके ठीक, पण आस गंजून जाम. वायर तुटली असती तर डाग देऊन भागलं असतं. यावर तोडगा म्हणजे भोकाच्या वर झडप शिवणे: तळहातापेक्षा थोडा मोठा जाड कापडाचा तुकडा, फक्त वरच्या कडेने शिवलेला, पंख्यापासून चार बोटं सुटा राहील असा. पाऊस अडतो, सरळ मारलेला फवाराही बराचसा अडतो, हवा मात्र अडत नाही. धुराला ही झडप निरुपयोगी.

भोक मुळात पुढे का नाही, यावर मी बराच वेळ चरफडत होतो. आता वाटतं, त्याच भोकाने बेडकाला बेडूक केलं. शस्त्र नसलेल्या, धड पळताही न येणाऱ्या हिरव्या फुग्याच्या पाठीमागे जाऊन फवारा मारावा लागला, हे कॅमेऱ्यात दिसलं. चिलखत घातलेल्या माणसाचं तसं दृश्य झालं नसतं. तरी पंखा मागेच का, याचं उत्तर यातून मिळत नाही.

काटकसरीच्या हिशेबाने बेडूक महागच. पोलंडच्या व्रोत्सवाफ शहरात १९८८ साली कम्युनिस्ट सरकारची टर उडवणाऱ्या 'ऑरेंज अल्टरनेटिव्ह'वाल्यांनी लाल टोप्या घालून बुटके बनून मोर्चा काढला. टोपीला सेल लागत नाहीत. बँकॉकमध्ये नोव्हेंबर २०२० ला निदर्शनात पोहण्याच्या तलावातली रबरी पिवळी बदकं पोलिसांच्या पाण्याच्या फवाऱ्यापुढे ढाल म्हणून धरली गेली. ती हवा भरून बंद केलेली, पंखा नाही, भोक नाही. पण बदक अंगावर घालून नाचता येत नाही.

किरकोळ गोष्टी: तोंडासमोरच्या प्लास्टिकवर वाफ धरते. आतून भांड्याच्या साबणाचा थेंब चोळून कोरड्या फडक्याने पुसा, तासभर टिकतं. पंख्याच्या आवाजात मागून मारलेली हाक ऐकू येत नाही. फाटलं तर तंबूची चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी लावा, सुईने शिवलं की प्रत्येक टाक्याला नवं भोक. आगीजवळ, मेणबत्तीजवळ जाऊ नका, हे कापड वितळून अंगाला चिकटतं.

नवा पंखा मागवताना पंख्याचा नव्हे, पोशाखावरच्या कडीचा आतला व्यास मोजा. मी चुकीचं माप दिलं. पंखा कडीत सैल बसतो, तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आहे, सध्या धरून आहे.