जुनी फायबरची मोटरबोट घरी उभी करताना: पॉलिस्टर का इपॉक्सी, प्लाय का फोमबोर्ड, जेलकोट का पेंट

जुनी फायबरची बोट स्वस्तात हाती लागली की पहिला प्रश्न जवळपास सगळ्यांचा एकच असतो, रेझिन (फायबरच्या कापडात मुरवून कडक होणारं द्रव्य) कुठलं घेऊ, पॉलिस्टर का इपॉक्सी? प्रश्न चुकीचा नाही पण जरा लवकर विचारलेला आहे. फायबरचं कवच सहसा टिकतं हो, कुजतं ते त्याच्या पोटातलं लाकूड, आणि ते कुठे कुठे आणि किती कुजलंय हे कळल्याशिवाय रेझिन, बोर्ड, रंग यातलं काहीच नीट ठरत नाही. लोक उलटं करतात, आधी बाहेरून घासून पुसून चकाचक करतात, आणि मग इंजिन लावायच्या वेळी कळतं की मागची भिंत आतून गेलेली आहे.

म्हणून आधी ट्रान्सम, म्हणजे ज्याच्यावर आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) लटकतं ती मागची भिंत. जुन्या बहुतेक बोटींमध्ये याच्या आत प्लायवूड असतं आणि दोन्ही अंगांनी फायबरची कातडी. इंजिनाच्या बोल्टची भोकं, ड्रेन प्लग, ट्रान्सड्यूसरचे (पाण्याची खोली मोजणाऱ्या सेन्सरचे) स्क्रू, वरची कडा, पाणी इथूनच शिरतं. हातोडीने हलके ठोकत जा, सुकं असेल तिथे टणक आवाज येतो, कुजलेलं असेल तिथे भद्द. मग इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर अंगाचा भार द्या आणि दुसऱ्याला ट्रान्समच्या वरच्या कडेवर नजर ठेवायला सांगा, कडा हलताना दिसली तर आत काम निघालंच समजा. तरी शंका असेल तर आतल्या बाजूने, अगदी खालच्या भागात, ५-६ मिमीचं भोक पाडा (बाहेरची कातडी फोडायची नाही, बिटला टेप लावून खोली ठरवून घ्या) आणि बाहेर येणारा भुसा बोटांत चोळून बघा. फिकट आणि कोरडा असेल तर नशीब चांगलं. काळपट, ओला, चहाच्या चोथ्यासारखा निघाला तर ते प्लाय काढायलाच लागणार, वरून रेझिन टोचून काही होत नाही, ओल्या लाकडात रेझिन जातच नाही.

स्ट्रिंगरचं, म्हणजे तळाला आतून लांबीच्या दिशेने बसवलेल्या आधाराच्या पट्ट्यांचं, पण हेच. डेकवर चालताना पाय दबतो का बघा, आणि डेकखालचा फोम एका ठिकाणी कापून हातात घ्या. कोरडा, हलका फोम १ घनफुटाला साधारण २७ किलो तरंगवतो, तोच पाणी प्यायलेला असला की तुम्ही वर्षानुवर्षं फुकटचं वजन ओढताय. पिळल्यावर पाणी निघालं तर वाळवायच्या नादी लागू नका, आयुष्यात वाळत नाही.

हे सगळं सुकं निघालं तर रेझिनचं महाभारत सोडा आणि सरळ रंगाच्या भागावर जा. ओलं निघालं तर पुढे वाचा.

पॉलिस्टर का इपॉक्सी

पॉलिस्टरच्या बाजूने पहिली गोष्ट म्हणजे तुमची बोट बनलीये तीच मुळात त्याच्यात. स्वस्त आहे, लवकर सेट होतं, एका दिवसात थरावर थर चढवता येतात, आणि हार्डनर (रेझिन कडक करणारं द्रव्य), म्हणजे इथे एमईकेपी, साधारण १ ते २ टक्के टाकायचा असतो, त्यामुळे हवा गार असली तर थोडा जास्त, गरम असली तर थोडा कमी असं हाताने ॲडजस्ट करता येतं. पण १ टक्क्याच्या खाली गेलात तर ते कधीच पूर्ण कडक होत नाही.

मग अडचण कुठे? जोडात. कारखान्यात थर ओले असतानाच एकावर एक पडतात म्हणून ते रासायनिकरीत्या एक होतात. तुम्ही मात्र वीस-तीस वर्षांपूर्वी पक्क्या झालेल्या फायबरवर नवीन पॉलिस्टर लावताय, तिथे पकड फक्त खरवडलेल्या पृष्ठभागाची. शिवाय सेट होताना पॉलिस्टर आकसतं आणि लाकडाला तर ते यथातथाच धरतं. इपॉक्सी हा मुळात गोंदच आहे, जुन्या फायबरला धरतो, लाकडाला धरतो आणि आकसतो कमी.

आता इपॉक्सीचे नखरे. प्रमाण ठरलेलं, ५ ला १, ३ ला १, २ ला १, डब्यावर जे असेल तेच, तिथे हात सैल सोडायचा नाही. पॉलिस्टरची सवय असलेला माणूस "लवकर सुकू दे" म्हणून इपॉक्सीत हार्डनर जास्त ओततो आणि मग रबरासारखा चिकट थर होतो जो आज ना उद्या सेट होईल म्हणून वाट बघत बसायचं आणि शेवटी पत्र्याने खरवडून काढायचा. वेग बदलायचा असेल तर फास्ट किंवा स्लो हार्डनर वेगळा घ्या. दुसरं, मगमध्ये भरपूर मिसळून ठेवलंत तर ते स्वतःच्याच उष्णतेने पेटल्यासारखं तापतं, धूर येतो, प्लॅस्टिकचा मग वितळतो. थोडं थोडं मिसळा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता.

कापड पण बदलतं हे बऱ्याच जणांना दुकानात गेल्यावरही कळत नाही. साधी चॉप्ड मॅट (तुकडे केलेल्या काचतंतूंची चटई) ज्या बाइंडरने, म्हणजे चिकटवणाऱ्या द्रव्याने, धरलेली असते तो पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट ताठ राहते, कोपऱ्यात बसत नाही. इपॉक्सीसाठी शिवलेलं बायॲक्सियल घ्या, १७०८ नावाने जे मिळतं ते (एका बाजूला ४५ अंशातले धागे, मागे पातळ मॅट शिवलेली) दोन्ही रेझिनला चालतं, घरच्या कामात एवढं एकच कापड ठेवलं तरी भागतं.

अजून एक भानगड. इपॉक्सी सेट झाल्यावर वर कधी कधी मेणचट थर येतो, अमाइन ब्लश. तो आधी साध्या पाण्याने आणि खरखरीत पॅडने धुवायचा आणि मगच सँडिंग. उलट केलंत, म्हणजे आधी पॉलिश पेपर मारलात, तर तो मेणचटपणा घासून आतच बसवता आणि पुढचा थर सुटतो.

आणि दिशा लक्षात ठेवा: पॉलिस्टरवर इपॉक्सी बिनधास्त, इपॉक्सीवर पॉलिस्टर भरवशाचं नाही. जेलकोट, म्हणजे बोटीचा कारखान्यातला चकचकीत बाहेरचा थर, पण पॉलिस्टरच आहे, म्हणजे इपॉक्सीच्या दुरुस्तीवर जेलकोट हवाच असेल तर धुणं-घासणं अतिशय नीट करावं लागतं आणि तरी धाकधूक राहते. त्यापेक्षा तिथे पेंट मारा.

मधला पर्याय व्हिनाइलएस्टर. पकड आणि पाणी सोसणं पॉलिस्टरपेक्षा चांगलं, वापरायची पद्धत तीच, जेलकोटशी भांडण नाही. फक्त डबा जास्त दिवस टिकत नाही, काम सुरू करायच्या तोंडावरच आणा.

मला विचाराल तर नवीन ट्रान्सम जुन्या कातडीला चिकटवणं आणि स्ट्रिंगर तळाला बांधणं ही दोन कामं इपॉक्सीची, पैशाचा विचार इथे करू नका. पण अख्खा डेक उघडून सगळंच नवीन करताय, रेझिन भरपूर लागणारे आणि शेवटी जेलकोटच द्यायचाय, तर पॉलिस्टर किंवा व्हिनाइलएस्टरने केलेलं काम वाईट ठरत नाही, फक्त ३६-४० ग्रिटच्या जाड पॉलिश पेपरने जुना पृष्ठभाग स्वच्छ फायबर दिसेपर्यंत खरवडलेला हवा आणि ओव्हरलॅपमध्ये कंजूषी नको. तळाला भोक किंवा तडा असेल तर कडा १२ पट उताराने घासायच्या, म्हणजे ५ मिमी जाडीला ६० मिमी उतार, हे कुठल्याही रेझिनला लागू.

वासावरून पण निवड होते लोकांची. पॉलिस्टरचा स्टायरीनचा वास आख्ख्या घरात भरतो, इपॉक्सीला फार वास नाही म्हणून माणूस ग्लोव्हज घालायचा कंटाळा करतो आणि तिथेच फसतो, इपॉक्सीची त्वचेची ॲलर्जी एकदा जडली की आयुष्यभर पिच्छा सोडत नाही. हाताला लागलं तर ॲसिटोनने पुसू नका, साबणाने धुवा. एमईकेपीचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, गॉगल पाहिजेच. आणि कुठलंही रेझिन घ्या, ग्राइंडिंगच्या धुळीसाठी कार्ट्रिजवाला रेस्पिरेटर लागतोच, रुमाल बांधून ते काम करायचं नाही.

ट्रान्सममध्ये काय भरायचं

तीन रस्ते आहेत: मरीन प्लाय, फायबर घातलेला फोमबोर्ड (कूसा आणि त्या जातीचे), किंवा वरून ओतायचं मिश्रण.

मरीन प्लाय म्हणजे न कुजणारं प्लाय असा गैरसमज आहे. बीएस १०८८ शिक्क्याचा अर्थ वॉटरप्रूफ गोंद आणि आत पोकळी नसलेले थर, बास. पाणी गेलं की तेही कुजणारच. पण ताकद भरपूर, स्क्रू धरतं, नेहमीच्या अवजारांनी कापता येतं. जुन्या ट्रान्समची जाडी आधी मोजा, ३८ मिमीच्या आसपास असते बऱ्याचदा, आणि दोन शीट इपॉक्सीने चिकटवून तेवढीच करा, नाहीतर इंजिनाचा ब्रॅकेट बसणार नाही. बोल्टची भोकं मोठी पाडून, भरणीची पावडर घालून घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरायची आणि त्या भरावात परत बोल्टचं भोक पाडायचं, म्हणजे बोल्ट लाकडाला शिवतच नाही. एवढं केलं तर प्लाय पण पुढची कित्येक वर्षं बघायला लागत नाही. प्रेशर ट्रीटेड प्लाय मात्र नको, ते ओलसर येतं आणि रेझिन नीट धरत नाही.

फोमबोर्ड कुजत नाही आणि हलका आहे, महाग मात्र बऱ्यापैकी. स्क्रू प्लायइतके धरत नाही, त्यामुळे जिथे काही लटकवायचंय तिथे थ्रू-बोल्ट (आरपार जाणारे बोल्ट) आणि मोठ्या वॉशर. ट्रान्समसाठी जड घनतेचाच बोर्ड घ्या, डेकसाठीचा हलका नाही. बोट स्वतःकडेच ठेवणार असाल तर मी इथे पैसे घालीन, दोन वर्षांत विकायची असेल तर प्लाय पुरे.

ओतायचं मिश्रण कोणाला? ज्याला डेकची टोपी (बोटीचा वरचा अख्खा भाग) उचलायची सोय नाही त्याला. वरून फट कापून कुजलेलं लाकूड चेनसॉने कोरून काढायचं, दोन्ही कातड्या तशाच ठेवायच्या आणि मध्ये ओतायचं. सोपं वाटतं, पण खालच्या कोपऱ्यातलं कुजकं लाकूड निघालं नाही तर सगळं पाण्यात, आणि ओतताना कातड्या फुगू नयेत म्हणून बाहेरून लाकडं आवळावी लागतात.

स्ट्रिंगर काढताना एक पथ्य: सगळे एकदम उपटू नका. बोटीला खालून बऱ्याच ठिकाणी टेकू द्या, एका वेळी एकच स्ट्रिंगर बदला. टेकू कमी पडला की तळ आकार सोडतो आणि तुम्ही नवा स्ट्रिंगर त्या वाकड्या आकारातच पक्का करून बसता, मग बोट पाण्यावर उड्या मारते. आणि जिथे स्ट्रिंगर तळाला मिळतो त्या काटकोनात घट्ट इपॉक्सीचा गोल उतार भरा, बोटाने किंवा चमच्याच्या पाठीने ओढून. फायबरचं कापड धारदार कोपऱ्यात वळत नाही, आत हवा राहते.

इंजिन जुनंच का नवीन

इथे फार वेळ घालवत नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघा, सगळ्या सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांत असतील आणि गिअरकेसचं (इंजिनाच्या खालच्या गिअरच्या डब्याचं) तेल दुधाळ नसेल तर जुनं ठेवा, इम्पेलर (गार करणारं पाणी खेचणाऱ्या पंपाची चकती) आणि पेट्रोलची सगळी नळी बदला आणि चालवा. नवीन फोर-स्ट्रोक घेताना वजन बघा, त्याच ताकदीच्या जुन्या टू-स्ट्रोकपेक्षा ते बहुतेक वेळा जड असतं, आणि बोटीवर लावलेल्या क्षमतेच्या पाटीवर लिहिलेल्या हॉर्सपॉवरच्या वर जायचंच नाही. ट्रान्समची उंची १५ इंच का २० इंच तेही आधी मोजा, इंजिनाच्या शाफ्टची लांबी त्यावरून ठरते. वायरिंग करताना टिन केलेली तार वापरा, बॅटरीजवळच फ्यूज द्या.

जेलकोट, पेंट, का नुसतं पॉलिश

आधी नुसतं पॉलिश करून बघा, खरंच. पांढरी भुकटी हाताला लागणारा जेलकोट बऱ्याचदा कंपाउंड (घासायची पेस्ट) आणि मशीनने परत उजळतो, कारण तो अर्धा मिमीच्या आसपास जाड असतो आणि मेलेला असतो तो फक्त वरचा थर. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तडा असतील तर त्या आतून काहीतरी लवतंय म्हणून आल्यात का ते बघा. तसं असेल तर वरून भरून उपयोग नाही, त्याच जागी परत येतात.

नवा जेलकोट घरी लावणं म्हणजे सँडिंगची शिक्षा. ब्रशने किंवा रोलरने संत्र्याच्या सालीसारखा बसतो, मग २२० पासून पुढे चढत्या ग्रिटने घासत बसा. आणि हवेत वरचा थर चिकट राहतो, म्हणून त्यात वॅक्स टाकावा लागतो. लहान पॅचला जेलकोट, पूर्ण बोटीला पेंट, माझं सरळ मत.

पेंटमध्ये टू-पार्ट पॉलियुरेथेन जास्त टिकतो आणि चकाकतो, पण त्यातलं आयसोसायनेट हे घातक रसायन स्प्रेच्या धुक्यातून फुफ्फुसात जातं आणि त्याला साधा कार्ट्रिजचा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. म्हणून घरी स्प्रे नकोच. एकाने रोलरने पातळ थर लावायचा आणि दुसऱ्याने मागोमाग कोऱ्या ब्रशच्या टोकाने हलकेच ओढत जायचं, दोघांचा वेग जुळला की लांबून स्प्रेच वाटतो. वन-पार्ट पेंट स्वस्त, सोपा, ओरखडा पडला तर टचअप पटकन, फक्त दोन-चार सीझनने परत मारायची तयारी ठेवा.

बोट ट्रेलरवरच राहणार असेल तर हाच पेंट खालपर्यंत चालतो. पण महिनोन्‌महिने पाण्यात बांधून ठेवणार असाल तर पाण्याखाली तो फोड येऊन सुटतो, तिथे इपॉक्सी बॅरिअर कोट (पाणी अडवणारा थर) आणि वर अँटीफाउलिंग (शेवाळ-शिंपले चिकटू न देणारा रंग). त्या दोन रंगांमधली रेष जुन्या डागावरून काढू नका, विशेषतः इंजिन बदललं असेल तर, मागचा भाग आता जास्त बसणार. इंजिन, बॅटरी, भरलेली टाकी सगळं चढवून एकदा पाण्यात उतरवा, रेषेवर पेन्सिलने खुणा करा आणि अँटीफाउलिंग त्याच्या वर दोन बोटं घ्या.