वाळपईच्या पावसात चाललेलं बिलिंग सॉफ्टवेअर: ५ पैकी ४ स्टार

गोव्यातल्या वाळपईच्या बाजारात आमची फार्मसी आहे. दोन काउंटर, एकावर मी, दुसऱ्यावर धाकटे दीर. आमच्या सत्तरी तालुक्यात पाऊस लागला की वीज कधी जाईल आणि इंटरनेट कधी, काही सांगता येत नाही. हे सॉफ्टवेअर जूनमध्ये घेतलं, पण चवथ (गणेशचतुर्थी) होईपर्यंत मत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सेव्ह' दाबलं की चक्र नुसतं फिरत राहायचं. समोर गिऱ्हाईक ताटकळलेलं, "बाय, आनी कितलो वेळ?" मग मी पुन्हा दाबायची. पहिलं बिल बहुतेक वेळा सर्व्हरवर पोचलेलं असायचं, फक्त त्याचं उत्तर वाटेत हरवलेलं. एका औषधाची दोन बिलं, साठ्यातूनही दोनदा वजा. रात्री जुळवाजुळव करताना रडू यायचं.

यात बिल आधी आपल्याच कॉम्प्युटरवर जतन होतं आणि लगेच छापून मिळतं. कोपऱ्यात 'पाठवायची बाकी: ७' असं दिसतं. बिल तयार होतानाच त्याला स्वतःची ओळखखूण मिळते, त्यामुळे तेच बिल दहादा गेलं तरी सर्व्हर एकदाच नोंदतो. सेव्ह होता होता मी मुद्दाम पाच वेळा राउटरची केबल काढली. एकही बिल दोनदा चढलं नाही. इंटरनेटची लाइन नसली तर ते सारख्या धडकाही मारत नाही. २ सेकंदांनी, मग ४, मग ८, असं अंतर वाढवत जातं. वायफायच्या काड्या पूर्ण आणि पुढे इंटरनेट बंद, हे आमच्याकडचं नेहमीचं दुखणं. तेही त्याला कळतं, कारण ते काड्या न बघता सर्व्हरचं उत्तर येतं का ते बघतं.

जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलांचे क्रमांक सलग लागतात, तेही १६ अक्षरांच्या आत. लाइन नसताना दोन्ही काउंटरांनी एकच क्रमांक घेतला तर? इथे दोघांना वेगवेगळी मालिका आहे आणि नियमाला ती चालते. ज्याला हे सुचलं तो कधीतरी काउंटरवर उभा राहिलेला असणार.

एक स्टार कापला तो ऑगस्टमधल्या एका दुपारमुळे. पासवर्डची मुदत संपली होती. लाइन चालू, सर्व्हरही चालू, पण तो बिलं नाकारत होता. आणि स्क्रीनवर 'नेटवर्क नाही, पुन्हा प्रयत्न सुरू'. मी दुपारभर इंटरनेटवाल्याला फोन करत राहिले, बाकी १४ वर गेली. लाइन तुटली तर थांबून काम होतं, नकाराला माणूसच लागतो. कंपनीला कळवलंय. तिथे 'पुन्हा लॉगिन करा' असं सरळ दिसू लागलं की पाचवा स्टार देते.