हापूसच्या हिशोबाला ई-इंकची पाटी की पेनचा टॅबलेट?
देवगडच्या बागेत पेट्यांचा हिशोब मी दोन्हींवर लिहून पाहिला. एप्रिलच्या उन्हात टॅबलेटची काच आरशासारखी चमकते, आकडाच दिसत नाही. ई-इंकवर, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्यावर, वहीसारखं स्वच्छ दिसतं, चार्जिंगही कित्येक दिवस पुरतं. फोटो, व्हॉट्सॲप हवं तर मात्र टॅबलेटच घ्या.

हाताने लिहिलेलं अक्षर ओळखून ते टाइप केल्यासारखं करण्यात १९९३ सालचा ॲपलचा न्यूटन हा हातात धरायचा छोटा संगणक अडखळायचा. आता बरंच सुधारलंय. खरी गोम सॉफ्टवेअर वापरण्याच्या करारात आहे. यंत्र आपल्या मालकीचं, आतलं सॉफ्टवेअर फक्त वापरायला दिलेलं. माझ्या पाटीवर ‘मान्य’ दाबल्याशिवाय अक्षर ओळखण्याची सोय सुरूच होत नाही, आणि लिहिलेलं पान कंपनीच्या सर्व्हरवर जातं. बाबांनी तो लांबलचक इंग्रजी करार न वाचताच मान्य केला, याची मला फार चुटपुट लागली. असा करार मराठीत, विकत घेण्याआधी हातात मिळायलाच हवा. पाटी मी ठेवलीय. ती सोय बंद करून.