डिझेलमध्ये टू-टी ऑईल: अठरा महिने, चौतीस हजार किलोमीटर आणि एक विसरलेला फिल्टर

गेल्या वर्षी, म्हणजे जुलै २०२५ मध्ये, निपाणीहून बेळगावला परतताना वंटमुरीच्या घाटात गाडीने मान टाकली. पाऊस मुसळधार होता, गाडी तिसऱ्या गियरमध्ये होती आणि पाय पूर्ण दाबूनही इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दीड हजाराच्या पुढे सरकेना. मागचे कंटेनर दिवे मारू लागले, तेव्हा कशीबशी कडेला घेतली. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता आणि डिकीत टू-टी ऑईलची, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाची, अर्धी भरलेली बाटली आडवी पडली होती. हा अनुभव त्या बाटलीविषयी आहे. गाडी कोणती हे सांगत बसत नाही. ती २०१७ सालची, बीएस-४ प्रदूषण मानकाची, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नसलेली आहे आणि तिचे इंजिन इटालियन वंशाचे, १२४८ सीसीचे आहे. हे इंजिन आपल्याकडे इतक्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत बसले की वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या दारात ते उभे असेल.

मी निपाणीच्या एका तंबाखू वखारीचे हिशेब पाहतो आणि आठवड्यातून तीनदा बेळगाव ते निपाणी ये-जा करतो. वखारीत माल न्यायला येणाऱ्या ट्रकमालकांकडून डिझेलमध्ये हे तेल घालण्याची कल्पना प्रथम कानावर आली. जर्मनीतले डिझेल गाड्यांचे मालक बरीच वर्षे हेच करतात, हे नंतर वाचनात आले. प्रमाण सगळे एकच सांगतात: दोनशे भाग डिझेलला एक भाग तेल, म्हणजे लिटरला ५ मिलि. माझ्या नेहमीच्या ३५ लिटरच्या भरणीला १७५ मिलि.

यामागचे तर्कशास्त्र ऐकायला पटण्याजोगे आहे. कॉमन रेल इंजिनाच्या, म्हणजे एकाच सामाईक नळीतून सर्व इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या इंजिनाच्या, उच्च दाबाच्या पंपाला वेगळे वंगण नसते. सुमारे १६०० बार दाब तयार करणारा तो पंप आणि काही मायक्रॉनच्या फटीत सरकणारे, डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचे भाग, या सर्वांना वंगण मिळते ते त्यांच्यातून वाहणाऱ्या डिझेलचेच. पूर्वी बीएस-३ डिझेलमध्ये ३५० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ३५० भाग) गंधक चालत असे. बीएस-४ मध्ये ते ५० वर आले आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर १० वर. गंधक काढून टाकण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले काही नैसर्गिक वंगणगुणी घटकही निघून जातात. म्हणून डिझेल ‘कोरडे’ झाले आहे, पंप झिजणार, तेव्हा वरून तेल घाला, असा हा युक्तिवाद. टू-टी ऑईलच का, तर ते मुळातच इंधनाबरोबर जळून जाण्यासाठी बनवलेले असते आणि राख कमी ठेवते. साधे इंजिन ऑईल कधीही घालू नये, कारण त्यातल्या जस्त-कॅल्शियमची राख मागे राहते.

या युक्तिवादात जे सांगितले जात नाही ते मला फार उशिरा कळले. गंधक काढल्यावर रिफायनरी वंगणासाठी वेगळे रसायन मिसळते आणि त्याची चाचणीही ठरलेली आहे. ६० अंश तापमानाच्या डिझेलमध्ये बुडवलेल्या चकतीवर पोलादाची गोळी ७५ मिनिटे घासतात आणि गोळीवर पडलेला झिजेचा डाग सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. तो ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा भरला तर ते डिझेल मानकात बसत नाही. म्हणजे माझ्या पंपाची चिंता माझ्या आधी कुणीतरी केलेली होती.

पण जानेवारी २०२४ मध्ये हे मला माहीत नव्हते. टू-स्ट्रोक स्कूटर गेल्या आणि पेट्रोलपंपांवरची टू-टी ऑईलची हातपंपाची यंत्रेही गेली, त्यामुळे हे तेल मला शेवटी औषधे आणि फवारणी पंप विकणाऱ्या कृषी सेवा केंद्रात मिळाले. आता त्याचे खरे गिऱ्हाईक म्हणजे पॉवर स्प्रे आणि ब्रश कटर. लिटरला ३८० रुपये पडले. खोकल्याच्या औषधाच्या टोपीने मोजून ते मी टाकीत ओतले तेव्हा जो किंचित गोडसर वास आला, त्याने मला थेट वडिलांच्या बजाज स्कूटरच्या मागच्या सीटवर नेऊन बसवले. या प्रयोगावर माझा जो विश्वास बसला त्यात या वासाचा वाटा अर्धा तरी असावा, असे आता वाटते.

तेव्हा सीमेच्या अलीकडचे, म्हणजे कर्नाटकातले, डिझेल स्वस्त होते म्हणून महाराष्ट्रातली कागल-कोल्हापूरकडची मंडळी कोगनोळीला येऊन टाक्या भरत. आम्ही अलीकडचेच असल्यामुळे ती बचत आम्हाला घरबसल्या मिळत असे. तिच्यातला काही भाग मी इमानेइतबारे या बाटलीत ओतत होतो.

पहिला परिणाम जाणवला तो आवाजात आणि पुढचे वर्षभर मी या आवाजाचाच ध्यास घेतला. सकाळी सात वाजता गाडी थंड असताना चालू करायची, टिळकवाडीतल्या आमच्या घराच्या कंपाउंडच्या भिंतीवर खडूने केलेल्या खुणेवर मोबाईल ठेवायचा, आवाज मोजणारे ॲप चालू करायचे आणि एक मिनिटाची सरासरी वहीत उतरवायची. घरच्यांनी सुरुवातीला चेष्टा केली, मग दुर्लक्ष केले. तेल घालण्यापूर्वी आकडा ७२ डेसिबल होता. तिसऱ्या टाकीनंतर ७१, मार्चमध्ये ७०, एप्रिलअखेर ६९. थंड इंजिनाची ती टकटक खरोखरच बोथट झाली होती. मी वखारीत चार जणांना हे तेल घालायला लावले आणि त्यांपैकी दोघांनी आपल्या गाडीचाही आवाज उतरल्याचे सांगितले.

डिसेंबर उजाडला आणि आकडा पुन्हा ७२ झाला. तेल तेच, प्रमाण तेच, भिंतीवरची खूणही तीच. वही उलटी चाळली तेव्हा लक्षात आले की मी अकरा महिने तेलाचा नव्हे, तर बेळगावच्या हवेचा आलेख काढत होतो. हवा थंड असली की फवारलेले डिझेल पेट घ्यायला क्षणभर जास्त वेळ लावते, तोवर साठलेले इंधन एकदम पेटते आणि ठोका जोरात पडतो. जानेवारीच्या गारठ्यात ७२ आणि एप्रिलच्या उकाड्यात ६९ हे तेलाविनाही झालेच असते. हे लिहिताना मला आजही थोडे ओशाळल्यासारखे होते, कारण हिशेबात ऋतुमान धरायचे असते हे तंबाखूचे वजन पाहणाऱ्या माणसाला कुणी सांगायला नको होते.

तेव्हा धाकट्या मुलीने एक प्रयोग सुचवला. टाकी भरताना मी गाडीतून उतरून लांब उभा राहायचे. तेल घालायचे की नाही हे ती ठरवणार आणि आपल्या वहीत लिहिणार. दोन दिवसांनी मी आवाज, ओढ आणि मायलेज यांवरून सांगायचे की तेल आहे की नाही. वासाने मला कळू नये म्हणून ती दर वेळी बाटली उघडून दोन थेंब टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चोळत असे, हे तिने मला नंतर सांगितले. जानेवारी ते मार्च २०२५ या काळात आठ भरण्या झाल्या. चारांत तेल होते, चारांत नव्हते. माझे चार अंदाज बरोबर आले आणि चार चुकले. नाणे उडवले असते तरी याहून वाईट झाले नसते. मायलेज तेलासह लिटरला २०.५ आणि तेलाविना २०.३ आले. एसी किती वेळ लावला यानेच त्याहून मोठा फरक पडतो.

इथे शहाण्या माणसाने थांबायला हवे होते. मी थांबलो नाही. आवाजाचे जाऊ दे, निदान पंपाला तरी वंगण मिळते आहे, असे म्हणून मी बाटली चालूच ठेवली. त्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात डिझेल फिल्टरमध्ये पाणी असल्याचा दिवा एकदा काही सेकंद लागून विझला. विझला म्हणजे मिटले, असे मी ठरवले. हा दिवा दुर्लक्षाचा नाही, हे मी आज ठामपणे सांगतो.

घाटातून गाडी ओढून एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. तिथल्या सल्लागाराने बॉनेट उघडण्याआधी डिकी उघडली. बाटली दिसताच त्याचे निदान तयार झाले. चारही इंजेक्टर आणि उच्च दाबाचा पंप बदलावा लागेल, अंदाजे खर्च ६८,००० रुपये, आणि जॉब कार्डवर शेरा: ‘मालकाने इंधनात भेसळ केली आहे.’ फिल्टर उघडून दाखवा, अशी मी तीनदा विनंती केली. आधी अंदाजपत्रकावर सही करा मग उघडू, असे तीनदा उत्तर मिळाले. डिझेलमध्ये काहीही मिसळू नये असे गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट छापलेले आहे, हे मला मान्य आहे. त्या बाबतीत त्यांची बाजू पक्की होती. पण तपासणीआधी शिक्षा सुनावण्याचा अधिकार पुस्तिकेने त्यांना दिलेला नाही. आवाज चढले, सही झाली नाही आणि आणखी १,५०० रुपये मोजून मी गाडी उद्यमबागेतल्या एका जुन्या डिझेल पंप दुरुस्तीवाल्याकडे ओढून नेली.

मी बाटलीची कबुली देऊ लागलो तर त्याने मध्येच थांबवले. “ते तेलाचं ऱ्हाऊ दे सर, फिल्टर कधी बदललासा ते सांगा.”

मला सांगता आले नाही. वही काढली. शेवटचा फिल्टर ८८,००० किलोमीटरवर बदलला होता आणि काटा १,३०,००० दाखवत होता. तेल सुरू केले तेव्हा ९६,००० होते. म्हणजे अठरा महिने दर टाकीला टोपीने तेल मोजणाऱ्या माणसाने पुस्तिकेतली फिल्टरची मुदत केव्हाच ओलांडलेली होती. आजपर्यंत घातलेले तेल आठ लिटर, त्याचे ३,०४० रुपये. नवा फिल्टर ९५० रुपयांना येतो.

त्याने फिल्टरमधले द्रव्य लोणच्याच्या काचेच्या बरणीत काढले आणि उजेडात धरले. तळाशी अंगठाभर जाडीचे गढूळ, गंजाळलेले पाणी होते. वर हिरवट झाक असलेले डिझेल होते आणि या दोहोंच्या मध्ये दुधासारखा एक पांढुरका थर तरंगत होता. बरणी तासभर ठेवली तरी तो थर पूर्ण निवळला नाही. त्याने त्याकडे बोट दाखवून सांगितले की पाणी तेलाने आणलेले नाही, ते पंपावरून किंवा पावसात झाकणातून आले असेल; पण या तेलात मळ धरून ठेवणारे जे घटक असतात ते पाण्याचे बारीक थेंबही धरून ठेवतात, आणि डिझेलमधून पाणी वेगळे काढणे हे फिल्टरचे अर्धे काम त्यामुळे कठीण होते. म्हणजे सर्व्हिस सेंटर अगदीच चूक नव्हते, हे मला मनाविरुद्ध नोंदवावे लागते. त्यांची चूक खर्चाच्या आकड्यात आणि उद्धटपणात होती.

त्यानंतर त्याने चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडल्या आणि इंजिन चालू ठेवले. एखादा इंजेक्टर झिजलेला असता तर त्याची बाटली लवकर भरली असती. चारही जवळजवळ एकाच रेषेत भरल्या. पंपाचा व्हॉल्व्ह काढून पाहिला, धातूचा चुरा कुठेही नव्हता. टाकी रिकामी करून धुतली, नवा फिल्टर बसवला, सगळे मिळून ५,६०० रुपये झाले. पैसे मोजताना तो हसून म्हणाला, “पाणी जाऊन बी पंप वाचला की. तेलामुळं वाचला असंल, काय सांगावं!” या एका वाक्याने मला पुढे आठ दिवस छळले. खरोखरच तसे असेल का, हे ठरवायला माझ्याकडे तेल न घातलेली, पाणी प्यायलेली दुसरी तशीच गाडी नाही.

तेल मी बंद केले आहे. ज्यांच्या गाडीत डीपीएफ आहे, म्हणजे बहुतेक सर्व बीएस-६ डिझेलवाले, त्यांनी तर याच्या वाटेला जाऊच नये. डीपीएफमध्ये अडकलेली काजळी जळून जाते, पण तेलातून आलेली राख, कितीही कमी असली तरी, जळत नाही. ती तिथेच साचत जाते आणि तो भाग बदलण्याचा खर्च ऐकून माणूस खाली बसतो. जुन्या, डीपीएफ नसलेल्या गाडीत हे तेल घालणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. फक्त फिल्टर शेवटचा कधी बदलला, एवढे त्यांना जरूर विचारीन. मी स्वतः आता दर महिन्याला डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल करून चमचाभर डिझेल त्याच बरणीत काढून पाहतो. पावसाळ्यात दोनदा पाण्याचे थेंब सापडले.

उरलेले अर्धा लिटर तेल खानापूरला मेव्हण्याच्या ब्रश कटरसाठी दिले. तो पेट्रोलच्या लिटरला ४० मिलि घालतो आणि त्याला ते मोजायला टोपी लागत नाही. सर्व्हिस सेंटरला मात्र मी ऑगस्टमध्ये रीतसर पत्र लिहून फिल्टरमधल्या पाण्याचे फोटो, इंजेक्टर चाचणीचे फोटो आणि पावती जोडली व भेसळीचा शेरा काढून टाकण्याची विनंती केली. पंधरा दिवसांनी उत्तर आले की संगणकात एकदा झालेली नोंद पुसता येत नाही. दिवाळीनंतर गाडी विकायला काढली, तेव्हा पहिल्याच गिऱ्हाईकाने मोबाईलवर ती नोंद उघडून माझ्यासमोर धरली आणि वीस हजार कमी करायला सांगितले. गाडी अजून माझ्याच दारात उभी आहे.