सिव्हिलायझेशन ५ मधली फ्रिगेट: सहा महिन्यांनंतरचा अनुभव

गेले सहा महिने सिव्हिलायझेशन ५ या संगणकावरच्या डावपेचांच्या खेळाचे बहुतेक डाव मी समुद्रावरूनच खेळलो, आणि भिस्त प्रत्येक वेळी फ्रिगेट या लांबून मारा करणाऱ्या युद्धजहाजावर. खाली लिहिलंय ते ब्रेव्ह न्यू वर्ल्ड विस्तार धरून.

फ्रिगेटची ताकद २५, लांबचा मारा २८, पल्ला २ टाइल (नकाशावरची घरं), चाल ५. आकडे बघून विशेष काही वाटत नाही. पण फ्रिगेट मिळवून देणाऱ्या नॅव्हिगेशन या तंत्राचा शोध प्रतिस्पर्ध्याच्या आधी लागला, की त्याची किनाऱ्यावरची शहरं उघडी पडतात. जमिनीवरून तोफा ओढत नेताना डोंगर-जंगलात निम्मे टर्न (पाळ्या) जातात. इथे पाच-सहा जहाजं एकाच टर्नमध्ये येऊन मारा सुरू करतात. शिवाय लांबून मारलं की उलट फटका बसत नाही. शहर आपल्या पाळीत एकदाच मारतं, तेही एकाच जहाजावर. घायाळ झालेलं जहाज मागे घ्यायचं, दुसरं पुढे करायचं.

नव्या फ्रिगेटी बांधत बसू नका, हे मला फार उशिरा उमगलं. आधी गॅलीअस, म्हणजे जिची पुढे फ्रिगेट होते ते जुनं जहाज, बांधा. तिला लोखंड लागत नाही, आणि लढून मिळवलेली प्रमोशनं (जहाजाची खास कौशल्यं) अपग्रेडनंतरही टिकतात. एखादीला पल्ला वाढवणारं प्रमोशन मिळालं तर ती ३ टाइलवरून मारते आणि शहराचा मारा मात्र २ वरच संपतो. अशी फ्रिगेट मी जिवापाड जपतो.

आता रड. प्रत्येक फ्रिगेटला १ लोखंड लागतं. एका डावात माझं सगळं लोखंड एका मित्र नगर-राज्याकडून (एका शहराच्या छोट्या स्वतंत्र राज्याकडून) यायचं. ऐन वेढ्यात प्रतिस्पर्ध्याने तिथे सोनं ओतलं, मैत्री तिकडे गेली आणि लोखंडाचा साठा उणे झाला. त्याच टर्नपासून अख्ख्या ताफ्याचा मारा मिळमिळीत! सहापैकी दोन जहाजं कशीबशी परतली. तेव्हापासून स्वतःची खाण असल्याशिवाय मी ताफा काढत नाही.

दुसरं दुखणं म्हणजे दुरुस्ती. सप्लाय प्रमोशन नसेल तर परक्या पाण्यात जहाज सावरतच नाही. घरच्या हद्दीपर्यंत परत जावं लागतं. ग्रेट अ‍ॅडमिरल (आरमाराचा खास सेनानी) सोबत असला तर तो आजूबाजूची जहाजं एका झटक्यात दुरुस्त करतो, पण तेवढ्यात खर्चीही पडतो. आणि अरुंद खाडीतल्या शहरापुढे दोन-तीन जहाजांपलीकडे जागाच नसते. बाकीची मागे ताटकळतात.

फ्रिगेट शहराची ताकद जवळपास शून्यावर आणते, शहर घेत मात्र नाही. त्यासाठी सोबत एक प्रायव्हेटीअर, म्हणजे जवळून लढून शहर घेऊ शकणारी लढाऊ नौका, ठेवाच. तीही नॅव्हिगेशनलाच मिळते, लोखंड खात नाही, वर शहरावर हल्ला केला की थोडं सोनंही आणते. माझ्या पहिल्या मोहिमेत ती नव्हती. शहर चार टर्न शून्यावर ठेवून मी पायदळाची वाट बघत बसलो होतो.

हा सगळा खेळ समोरून ४५ ताकदीची आयर्नक्लॅड ही चिलखती युद्धनौका येईपर्यंतच. किनाऱ्यावर ३ टाइल पल्ल्याच्या आर्टिलरी तोफा दिसू लागल्या तरी मी ताफा मागे घेतो. पुढे फ्रिगेटचं बॅटलशिप या मोठ्या युद्धनौकेत अपग्रेड होतं, प्रमोशनंही सोबत जातात. फक्त लोखंडाऐवजी तेल लागतं. सध्याच्या डावात माझ्या अख्ख्या बेटावर तेलाचा थेंब नाही, त्यामुळे पल्लेदार फ्रिगेटी बंदरात नुसत्या उभ्या आहेत.