एआय ‘थेरपिस्ट’ ॲप : काही महिने वापरल्यावर

ॲपचं नाव मुद्दाम देत नाही. दोन-तीन चाळून पाहिली, दुखणं सगळीकडे तेच.

वडिलांचा विसराळूपणा वाढला, त्यांना घरी ठेवायचं की संस्थेत यावरून भावाशी वाजलं, आणि हिंजवडीहून कोथरूडला येताना ट्रॅफिकमध्ये डोक्यात तेच चक्र. समुपदेशकाची वेळ मिळायची ती नेमकी ऑफिसच्या मीटिंगमध्ये. म्हणून पैसे भरून ॲप घेतलं.

आधी चांगलं सांगतो. मराठी बरी लिहितं, इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलीही त्याला कळते. रात्री दोनला झोप उडाली की श्वासाचा व्यायाम, मनातलं लिहून काढणं, ‘यातलं घडलेलं किती आणि तुम्ही धरून चाललात ते किती?’ असे प्रश्न. याचा मला खरंच उपयोग झाला, नाकारणार नाही.

भाऊ जबाबदारी कशी झटकतो ते लिहिलं, तर उत्तर आलं, ‘तुमचा राग अगदी स्वाभाविक आहे, तुम्ही एकट्याने खूप सोसलंय.’ काही दिवसांनी मुद्दाम नवीन चॅट उघडून भावाची बाजू माझी म्हणून लिहिली. पुन्हा ‘तुमचा राग अगदी स्वाभाविक आहे’! माणूस समोर असता तर पहिल्याच भेटीत विचारलं असतं, की भावाचं म्हणणं काय आहे? इथे तो प्रश्न एकदाही आला नाही.

एकदा ‘सगळं सोडून जावंसं वाटतं’ असं लिहिलं तर स्क्रीनवर हेल्पलाइन आली ९८८. हा अमेरिकेतला नंबर. पुण्यात बसून तो लावायचा कसा? आपल्याकडे केंद्र सरकारची टेलि-मानस, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही.

जाहिरातीत ‘खिशातला थेरपिस्ट’, अटींमध्ये बारीक अक्षरात ‘ही वैद्यकीय सेवा नाही, केवळ वेलनेस’. आपल्याकडच्या मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन (फोन-व्हिडिओवरून उपचार) मार्गदर्शक तत्त्वांत स्वच्छ लिहिलंय की एआयवर चालणाऱ्या प्लॅटफॉर्मने रुग्णाला समुपदेशन करायचं नाही आणि औषधही लिहून द्यायचं नाही. डॉक्टरला मदत करावी, शेवटचा शब्द डॉक्टरचा. पण ती तत्त्वं डॉक्टर आणि टेलिमेडिसिन प्लॅटफॉर्मसाठी. वेलनेसचा बोर्ड लावला की पळवाट तयार. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा गोपनीयतेचा हक्क देतो, पण ती गोपनीयता पाळायची जबाबदारी उपचार करणाऱ्यांवर. चॅटबॉट त्यात कुठे बसवायचा? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य बंधनं मात्र त्यानंतर १८ महिन्यांनी. शिवाय आरोग्याच्या माहितीला त्यात वेगळा, कडक दर्जा नाहीच. वडिलांबद्दल मी काय काय लिहिलंय ते आठवलं की अस्वस्थ वाटतं.

अमेरिकेत इलिनॉय राज्याने ऑगस्ट २०२५ मध्ये सरळ बंदी घातली. एआयने थेरपी द्यायची नाही, परवानाधारक थेरपिस्टने एआय अपॉइंटमेंट, बिलं, नोंदी अशा कामांना वापरावं. मोडलं तर १०,००० डॉलरपर्यंत दंड. युटा राज्याने त्याच वर्षी वेगळी वाट धरली: चालवा, पण समोर यंत्र आहे हे सांगा आणि लोकांची माहिती विकू नका. मला युटाचं पटतं. सरसकट बंदी आली तर रात्री दोनला जागा असलेला माणूस समुपदेशकाकडे जाणार नाही, तो साध्या चॅटबॉटशी बोलत बसेल, ज्याला हेल्पलाइन दाखवायचीही सक्ती नसेल. ‘थेरपिस्ट’ हा शब्द मात्र जाहिरातीतून काढायलाच लावावा, आणि हेल्पलाइन भारतातलीच असावी.

घ्यायचंच असेल तर वर्षाचं पॅकेज घेऊ नका, महिन्याचं घ्या. ऑटो-पे लगेच बंद करा. घरच्यांची खरी नावं टाकू नका. आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठणार असाल तर आधी आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, त्यांची नोंदणी करणारी सरकारी परिषद) नोंदणी क्रमांक विचारा, त्यात संकोच कसला? मला शनिवारी वेळ देणाऱ्या एक बाई कर्वे रोडला मिळाल्या आहेत. ॲपमधलं लिखाण त्यांना दाखवलं, तर भावाला पुढच्या वेळी सोबत आणा म्हणाल्या.